ओळीच्या टोकाचं अक्षर

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला नदीपलीकडच्या केंद्रातली सिस्टर छातीच्या आजारांच्या मुख्य कार्यालयात आली आणि कोणाला काही न विचारता जिना चढून कॉम्प्युटरबाईंच्या खोलीत शिरली. तिच्या हातात रबराने बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता. तो तिने कीबोर्डवरच ठेवला.

"तीन महिने झाले, आमच्या वस्तीत एकालाही क्षय नाही," ती म्हणाली. "सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं का आता? मी तिथे रोज उभी असते, बाई. मला खोकला ऐकू येतो."

बाईंचं खरं नाव कार्यालयात फार थोड्यांना आठवायचं. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी पर्ल नावाच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता, तेव्हापासून त्या कॉम्प्युटरबाई. नऊ केंद्रांकडून दर आठवड्याला एकेक फाईल यायची. एका ओळीत एक माणूस: नाव, वय, पत्ता आणि शेवटी त्याच्या थुंकीच्या नमुन्याचा नंबर. प्रयोगशाळेकडून दुसरी फाईल यायची, तिच्यात ज्या नमुन्यांत जंतू सापडले तेवढेच नंबर. प्रोग्राम दोन्हींची जुळणी करायचा. नंबर जुळला, तर औषधासाठी ताबडतोब या, असं पत्र निघायचं. नाही जुळला, तर 'आपल्या तपासणीत आजार आढळला नाही' असं. चौदा वर्षांत तो प्रोग्राम एक दिवस आडवा झाला नव्हता आणि बाईंना त्याचा अभिमान होता.

म्हणून त्यांना आधी रागच आला. आजार कमीही होतो कधीकधी, असं त्या म्हणाल्या. सिस्टरने वाद घातला नाही. गठ्ठ्यातलं वरचं पत्र काढून समोर धरलं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं होतं ते. वय अठ्ठावन्न, आजार आढळला नाही.

"परवा माझ्यासमोर हिच्या रुमालात रक्त पडलं," सिस्टर म्हणाली. "आणि ही मलाच समजावते, की अहो, कागद आलाय ना, मग घसाच असेल."

बाईंनी पत्रावरचा नमुना नंबर बघितला, चार हजार चारशे सतरा. मग प्रयोगशाळेची त्या आठवड्याची फाईल उघडली. वरून सातव्या ओळीत चार हजार चारशे सतरा होता. त्यांनी केंद्राची फाईल शेजारी उघडली. तिथेही तोच नंबर, तसाच, एका आकड्याचाही फरक नाही. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसत होते आणि प्रोग्राम म्हणत होता, सारखे नाहीत.

सिस्टरला खुर्ची द्यायचं त्यांना सुचलंही नाही. त्यांनी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. प्रत्येक नंबर चौकटी कंसात छापायचा, म्हणजे मागेपुढे एखादी मोकळी जागा चिकटली असेल तर दिसेल. बाकी आठ केंद्रांचे नंबर कंसांत नीट बसून आले. नदीपलीकडच्या केंद्राचे आले तेव्हा बाई पुढे वाकल्या. बंद करणारा कंस नंबरच्या शेवटी नव्हता. तो ओळीच्या सुरुवातीला, उघडणाऱ्या कंसाच्या डोक्यावर जाऊन बसला होता. प्रत्येक ओळीत.

"नवा कॉम्प्युटर कधी मिळाला तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

सिस्टरने बोटांवर हिशेब केला. तीन महिन्यांपूर्वी. केंद्रातले नोंदणीचे अप्पा, आठ महिन्यांवर निवृत्ती आलेले, जुन्या मशीनवर टाइप करायचे. ते मशीन मेलं, कोणीतरी नवं देणगी म्हणून दिलं, अप्पा त्याच्यावर टाइप करायला लागले. बाकी काही बदललं नव्हतं.

बाईंनी सिस्टरला बसवलं आणि सगळं सांगितलं, कारण ते कोणाला तरी मोठ्याने सांगितल्याशिवाय त्यांना पुढे काही करता येईना. बाईंची थोरली बहीण पूर्वी टाइपिंगचा क्लास चालवायची. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन गोष्टी व्हाव्या लागतात. कागद धरून सरकणारी गाडी मागे सुरुवातीला न्यायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. कॉम्प्युटर आले तेव्हा या दोन गोष्टींची दोन अक्षरं झाली, न दिसणारी. काही मशीनं ओळीच्या शेवटी एकच लिहितात, नव्या ओळीचं. काही मशीनं दोन्ही लिहितात, आधी गाडी मागे, मग नवी ओळ. जुनं मशीन एक लिहायचं, नवं दोन. पर्लमध्ये ओळ वाचली की तिच्या टोकाचं अक्षर तोडायला चॉम्प नावाची आज्ञा आहे. ती नव्या ओळीचं अक्षर तोडते आणि थांबते. त्याच्या आधीचं, गाडी मागे नेणारं, तसंच नंबरला चिकटून राहतं. पडद्यावर छापलं की ते दिसत नाही, फक्त पुढचा कंस ओढून मागे नेतं. कागदावर तर काहीच दिसत नाही. पण प्रोग्रामला ते दिसतं आणि मग चार हजार चारशे सतरा हा चार हजार चारशे सतरा राहत नाही.

"म्हणजे अप्पांनी चूक केली?" सिस्टरने विचारलं.

"नाही. अप्पांनी बरोबर टाइप केलं. चॉम्प म्हटलं की काम झालं, असं मी धरून चालले. आणि जो नंबर जुळणार नाही तो माणूस ठणठणीत, हेही मीच धरलं."

हे दुसरं वाक्य त्यांना बोलतानाच टोचलं. प्रयोगशाळेच्या यादीतले नंबर कोणालाच न जुळता उरत होते, दर आठवड्याला, आणि उरलेल्यांचं काय करायचं हे त्यांनी प्रोग्रामला कधी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी टोकाची दोन्ही अक्षरं तोडणारी ओळ लिहिली आणि त्या केंद्राच्या तेरा आठवड्यांच्या फाईली पुन्हा चालवल्या. तीनशे सहा पत्रं. त्यातली अकरा चुकीची गेली होती. सिस्टरने अकरा नावं वाचली आणि दोन नावांपाशी थांबली. एक नाव त्या शिवणकामवालीचं होतं. दुसऱ्याबद्दल ती म्हणाली, की हा सुतार वस्ती सोडून गेला, कुठे ते माहीत नाही.

दुपारी बाई मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. ते संस्थेचे प्रमुख, वाईट माणूस नव्हते. वीस वर्षांपूर्वी याच रोगाच्या वॉर्डात ते स्वतः रात्रंदिवस राबले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अकरा नावं दोनदा वाचली, थोडा वेळ कपाळ चोळलं. मग म्हणाले की अहवाल तयार करा. केंद्राकडून सदोष फाईल आली, असं लिहा. अप्पांना एक ताकीद देऊ, तसेही ते निवृत्त होणारच आहेत. आणि अकराही जणांना नेहमीच्या फेरतपासणीला बोलावू.

बाई म्हणाल्या की फाईल सदोष नव्हती. जगातली निम्मी मशीनं तशीच फाईल लिहितात. वाचणाऱ्याने दोन्ही वाचायला हव्यात.

"हे तुम्हाला कळतं, मला कळतं," डॉक्टर म्हणाले. "बाहेर एवढंच कळेल, की यांची पत्रं खोटी असतात. उद्या नऊच्या नऊ केंद्रांत कोणी तपासायला येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

हा मुद्दा खोटा नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"फेरतपासणीला कोण येईल, डॉक्टर? ज्याच्या खिशात आजार नाही असं आपलंच पत्र आहे, तो एक दिवसाचं काम बुडवून येईल? त्याला सांगावंच लागेल, की ते पत्र चुकलं. आणि अप्पांचं म्हणाल तर चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल, तर ती माझ्या सहीने होणार नाही."

डॉक्टरांनी अहवाल दुसऱ्या दिवशी बाराच्या आत मागितला.

घरी ताई भाजी चिरत बसली होती. दोघी बहिणी एकत्र राहायच्या, दोघींनीही लग्नाच्या भानगडीत न पडता निम्मं आयुष्य एकमेकींशी भांडण्यात सुखाने घालवलं होतं. बाईंनी सगळं सांगितलं तेव्हा ताईने सुरी खाली ठेवली. तिने आधी विचारलं, की नोकरीवरून काढतील का. काढणार नाहीत बहुतेक, पण बढतीवर पाणी सोडावं लागेल, असं बाई म्हणाल्या. मग ताईने विचारलं की ती शिवणकामवाली कोणाजवळ झोपते. हे बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी सिस्टरला फोन लावला. नातीजवळ, सिस्टर म्हणाली, चार वर्षांची आहे.

ताईने सुरी पुन्हा उचलली. "मग तू बारा वाजेपर्यंत कशाला थांबतेस?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाई कार्यालयात होत्या. पत्रांचा मजकूर ठरवायचा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता, पण पत्रं काढणारा प्रोग्राम त्यांच्याच हातात होता. त्यांनी नवा मजकूर लिहिला. 'आम्ही तुम्हाला पाठवलेलं पत्र चुकीचं होतं. तुमच्या नमुन्यात क्षयाचे जंतू सापडले आहेत. चूक तुमची नाही, केंद्राची नाही, मुख्य कार्यालयातल्या प्रोग्रामची आहे. औषध घेतलं तर हा आजार पूर्ण बरा होतो. आजच या.' खाली संस्थेच्या शिक्क्याऐवजी त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं, आईवडिलांनी ठेवलेलं, आणि अकराही कागदांवर पेनाने सही केली. मग डॉक्टरांसाठी एकपानी टिपण लिहिलं, त्यात काय चुकलं, का चुकलं, कोणाचं चुकलं ते क्रमाने मांडलं, आणि त्याची एकेक प्रत नऊही केंद्रांना पाठवून दिली. डॉक्टर दहाला आले. त्यांच्या टेबलावर टिपण होतं आणि बाई नदीपलीकडे गेल्या होत्या.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून त्या सिस्टरबरोबर दहा घरी गेल्या. काही जण नुसते ऐकत राहिले. एका लेथवाल्याने वर्कशॉपमध्ये मशीन बंद न करताच ऐकलं, मग बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. एका तरुण आईने तिथल्या तिथे ओढणीने तोंड बांधलं आणि पोराला शेजारच्या घरी धाडलं. कोणी बाईंच्या अंगावर धावून आलं नाही. त्यांना वाटलं होतं, येतील.

शिवणकामवाली खिडकीशी मशीनवर बसली होती. तिने पत्र वाचलं, जुनं पत्र कपाटातून काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिली.

"शिक्का या पहिल्यावर आहे," ती म्हणाली. "दुसऱ्यावर नाही."

"दुसऱ्यावर माझी सही आहे," बाई म्हणाल्या.

"तुमच्या सहीचं मी काय करू? तीन महिने ही माझ्या कुशीत झोपली." तिने नातीकडे बघितलंही नाही. नात दारात चिंध्यांच्या ढिगावर बसून बटणं रांगेत लावत होती.

बाईंनी माफी मागितली. ती तिने घेतली नाही, आणि घ्यावी असा आग्रह बाईंनीही धरला नाही. दोघी दुपारी औषधाला केंद्रात आल्या, आजी आणि नात. आठवड्याने नातीची तपासणी झाली. तिलाही लागण होती. तिचंही औषध सुरू झालं. बाईंनी तो नंबर स्वतः पडद्यावर जुळताना बघितला.

कार्यालयात तोपर्यंत वातावरण तापलं होतं. डॉक्टरांनी लेखी आदेश काढला, की कॉम्प्युटर विभागातल्या कर्मचाऱ्याने रुग्णांशी परस्पर संपर्क साधू नये. चौकशी लावली जाईल, असंही त्यात होतं. बाईंनी आदेशावर पोच दिली. मग चार दिवस बसून प्रोग्राम नव्याने लिहिला. आता तो ओळ कुठे संपते हे समोरच्या मशीनच्या भरवशावर सोडत नव्हता. आधी दोन्ही अक्षरांची जोडी शोधायचा, मग नव्या ओळीचं सुटं अक्षर, मग गाडी मागे नेणारं सुटं अक्षर, कारण काही फार जुनी मशीनं नुसतं तेवढंच लिहितात आणि मग अख्खी फाईल एकच लांबलचक ओळ होऊन बसते. शेवटच्या ओळीच्या टोकाला काहीच नसलं तरी चालत होतं. या चारही तऱ्हांच्या फाईली त्यांनी स्वतः बनवून ठेवल्या. कोणी प्रोग्रामला हात लावला, की आधी त्या चार फाईलींतून पार व्हायचं. आणि प्रयोगशाळेच्या यादीतला एक जरी नंबर कोणाला न जुळता उरला, तर प्रोग्राम एकही पत्र न छापता थांबायचा आणि तो नंबर पडद्यावर मोठा करून दाखवायचा.

राहिला अकरावा, सुतार. सिस्टरने वस्तीत खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याच्या घरमालकिणीला आठवलं, की तो तीन तासांवरच्या एका गावी लाकडाच्या वखारीत गेला. फोन लागत नव्हता. बाईंनी रजेचा अर्ज भरला. 'कारण' या रकान्यात सगळे जण 'घरगुती' लिहायचे. बाईंनी लिहिलं, 'आदेशात मनाई असलेलं काम करण्यासाठी.' मुख्य कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, बाईंकडे बघितलं आणि मान खाली घालून मंजूर केला.

वखारीत करवतीचा आवाज कान फाडत होता. सुतार चाळिशीचा, उंच, खांद्यांची हाडं वर आलेली. बाईंनी ओळख सांगितली तेव्हा त्याने पाकीट काढलं आणि त्यातून घडी पडलेलं पत्र काढून दाखवलं.

"हा बघा कागद," तो म्हणाला. "मला काही नाही. मुकादमाला हाच दाखवून काम मिळवलंय."

"तो कागद माझ्या प्रोग्रामने छापलाय," बाई म्हणाल्या. "तो खोटा आहे."

त्याने करवतवाल्याला हात करून मशीन थांबवायला सांगितलं. मग बाईंनी पुन्हा सांगितलं, सगळं, न दिसणाऱ्या अक्षरासकट. त्याला त्यातलं फारसं कळलं नसावं. तो म्हणाला की औषध सुरू केलं तर मुकादम काढून टाकेल, एवढं मला कळतं. बाईंनी सांगितलं, की काही आठवडे औषध घेतलं की लागण दुसऱ्याला होत नाही, मी मुकादमाशी बोलते. तो नको म्हणाला. बाई ओंडक्यावर बसल्या. त्याने काम सुरू केलं. तासभराने बघितलं तर त्या तिथेच होत्या, केसांत भुसा. त्याने पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला.

"परत जायची गाडी कितीला आहे तुमची?"

"तुम्ही केंद्रात नाव लावलंत की त्यानंतरची."

तो हसला, हसताना खोकला आला, आणि तो खोकला थांबायला बराच वेळ लागला. भिंतीला हात टेकून तो उभा राहिला. मुकादम लांबून बघत होता. बाई उठून मुकादमाकडे गेल्या. काय बोलल्या ते सुताराला ऐकू आलं नाही, पण मुकादम आधी हात उडवत होता आणि मग उडवेनासा झाला. शेवटी ठरलं, की दोन महिने सुताराने मागच्या उघड्या पडवीत एकट्याने रंधा मारायचा, मग आत यायचं. गावातल्या केंद्रात त्याचं नाव लावून होईपर्यंत तीन वाजले.

चौकशी महिनाभराने झाली. तीन जणांची समिती, लांब टेबल. डॉक्टर बाजूला बसले होते. समितीच्या अध्यक्षांनी अहवालाचा मसुदा वाचून दाखवला. 'तांत्रिक अडचणीमुळे अकरा पत्रांत विसंगती निर्माण झाली,' असं त्यात होतं. वाचून झाल्यावर ते सौजन्याने म्हणाले, की बाई, यात तुमचं नाव कुठेच नाही, तुमच्या चौदा वर्षांचा मान राखलाय, सही करा आणि मोकळ्या व्हा.

बाईंनी मसुदा हातात घेतला.

"अडचण आपोआप येते," त्या म्हणाल्या. "चूक कोणीतरी करतं. माझं नाव घाला. नाहीतर उद्या कोणीतरी अप्पांचं घालेल."

अध्यक्षांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. मग एका सदस्याने विचारलं, की वरिष्ठांचा आदेश मोडून तुम्ही रुग्णांकडे गेलात, त्याचा खेद आहे की नाही, तेही नोंदवावं लागेल.

"प्रोग्रामचा आहे. चार वर्षांच्या मुलीचा आहे, तो जाणार नाही. रुग्णांकडे गेल्याचा नाही. पुन्हा असं झालं तर पुन्हा जाईन, तेही लिहा."

त्यांनी लिहिलं. बाईंची बढती दोन वर्षांसाठी थांबली आणि सेवापुस्तकात एक शेरा आला. मोठे डॉक्टर त्यानंतर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पण पुढच्या महिन्यात दुसऱ्याच एका केंद्रात एका नावाचा घोळ झाला आणि दुरुस्तीचं पत्र काढायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी नवा मजकूर दिला नाही. बाईंचाच मजकूर त्यांच्याकडून सही होऊन आला. 'आम्ही तुम्हाला पाठवलेलं पत्र चुकीचं होतं' या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती, खोडली नव्हती.